नमुना

कोबेच्या धक्क्यावर कुणा एजंटाने
अब्बांच्या हातात ही तबकडी ठेवली,
अठ्ठ्याहत्तर साली, जहाज सुटायच्या घाईत.
कव्हरला कागदाचा उभा पट्टा,
नवरदेवाच्या कमरेला शेला आवळावा तसा.
लेबलवर बगळा. निदान आम्ही त्याला बगळा म्हणायचो.

राजिवड्यात तेव्हा प्लेअर दोनच,
एक आमचा, एक कासम वस्तांचा, तो बिघडलेला.

चौदा गाणी. सगळी अर्धी.
बाईचा आवाज ऐन वर चढलेला,
मागून व्हायोलिनांचा अख्खा ताफा निघालेला,
आणि खस्सकन शांतता.
मग दुसराच पुरुष, दुसरीच अर्धी वाट.
अब्बा सारंग, बावीस बंदरं बघितलेले. म्हणाले,
तिकडे असंच. शिस्तीची माणसं,
गरजेपुरतं गातात.

आम्हाला पटलं.
अम्मीला नाही.
मोरीपाशी बोंबील साफ करताना
चौथं गाणं तुटलं की ती पुढचं म्हणायची,
शब्दांशिवाय, नाकात,
आणि डोक्यावरचा हंडा न हिंदकळता उतरवावा
तसं ते गाणं कुठेतरी नीट खाली ठेवायची.

आता मी सुरिमीच्या कारखान्यात नमुने तपासते.
राणीमाशाचा लगदा, धुतलेला, साखर मिसळलेला,
दहा किलोच्या लाद्या, उणे पंचवीस.
वर्षातून दोनदा नुमातासान येतात,
शिजल्या वडीची चकती कापून दुमडतात,
परत दुमडतात,
चीर गेली नाही तर मान हलवतात. तेवढीच शाबासकी.

या खेपेला त्यांना घरी जेवायला बोलावलं.
सांदणं तीनदा मागून घेतली.
मग मी तबकडी काढली. पट्टा जागच्या जागी.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं,
आणि हसावं की नाही ते बराच वेळ ठरवत राहिले.
कंपनी शिओकाझे, म्हणजे खारा वारा.
(तो काय करतो ते आमच्या खिडकीच्या गजांना विचारा.)
बगळा नव्हे, करकोचा.
आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत:
नमुना. विक्रीसाठी नाही.
दुकानदारांनी ऐकायचा, हंगामाच्या ऑर्डरी द्यायच्या.
अख्खी गाणी वेगळ्या तबकड्यांवर,
हे त्यांचे नंबर, ही किंमत, येनमध्ये.

चाळीसहून जास्त वर्षं आम्ही
एका कंपनीची जाहिरात ऐकत होतो.
अब्बा असते तर म्हणाले असते, बघ, शिस्त.

चौथं लावलं. तुटलं.
नुमातासान पुढे गायला लागले,
डोळे मिटून, चांगलेच बेसूर.
दोन ओळी. मग तेही अडले.
म्हणाले, आठवत नाही, लहान होतो.

दाराशी खुर्चीत अम्मी. ऐकू कमीच येतं.
म्हणाली, चुकला तो.
तिथून खाली यायचं असतं.
आणि आली खाली, हळूहळू,
नाकात, पायरी न चुकवता.

मी इंग्रजीत सांगायला गेले,
त्यांनी हातानेच गप्प केलं.
खिशातून नमुन्यांची वही काढली,
तारीख घातली, काहीतरी लिहून घेतलं.

काय ते मी विचारलं नाही.