प्रश्न क्रमांक चौदा

"न थांबता किती मीटर चालू शकता?"
मी विचारलं, पेन रकान्यावर टेकवून.
तांडापेठ, एप्रिल, सकाळचे साडेसात,
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास दारापर्यंत आलेला.

यमुनाबाई निमजे, वय एकोणऐंशी,
त्यातली अठ्ठेचाळीस हातमागावर.
म्हणाल्या, "मीटर तं मी लुगड्याचे सांगन, माय.
चालाचं म्हणशीन तं लहानूच्या ओट्यापर्यंत जातो मी.
आता तो ओटाच नाही रायला."

फॉर्मवर पर्याय चार:
पन्नासच्या आत, शंभर, दोनशे, त्याहून जास्त.
ओटा कुठेच नव्हता.

"चाल, दाखवतो."
उंबरठ्यापुढे रस्ता नव्हता, चढ होता.
सिमेंटचा थर पडला तेव्हापासून
गल्ली वर गेली, घर खाली राहिलं.
मी टेप लावला: सव्वीस सेंटिमीटर.
त्यांनी हात आधी चौकटीला लावला, मग गुडघ्याला,
मग माझ्या खांद्याला.
खांदा कोणत्या रकान्यात लिहायचा, कळेना.

रात्री चौदावा प्रश्न खोडला.
नवा लिहिला: कुठे बसता? कोण बसू देतं?

एकेचाळीस जणांनी सांगितलं.
मेडिकलवाल्याचा स्टूल, गिऱ्हाईक नसलं तर.
विहाराची दुसरी पायरी, पहिली मोडकी आहे.
पंक्चरवाल्याचं जुनं टायर.
एक आजोबा म्हणाले, "मयतीले जातो, पोरी.
तिथं खुर्च्या असतात."
मी हसले. ते हसले नाहीत.

नकाशावर ठिपके दिले.
दोन ठिपक्यांमध्ये कुठे कुठे इतकी कोरडी जागा,
की एक म्हातारपण मावेल.

प्रभाग कार्यालयात साहेबांनी विचारलं,
"फक्त एकेचाळीस?"
तरी मे महिन्यात बाक आला.
लोखंडी, हिरवा, नगरसेवकाच्या नावाचा,
भर उन्हात.
यमुनाबाईंनी पदराच्या टोकाने त्याला शिवून पाहिलं.
"तवा आनला का, भाऊ? कनीक भिजवतो."
मी दुपारी थर्मामीटर लावला: अठ्ठावन्न.
एवढा एकच आकडा साहेबांना पटला.
बाक वीस पावलं सरकला, कडुनिंबाखाली.

आता आकडे त्याच घेतात.
लिहिता येत नाही, म्हणून माग सुटल्यावर उरलेलं सूत:
कोणी टेकलं की एक गाठ.
सोमवारी नऊ. बाजाराच्या दिवशी सतरा.
"पाठवून दे तुह्या हापिसात," म्हणाल्या.

धागा बोटांवरून सरकवत मी मोजत होते,
मध्येच एक गाठ जाड लागली, तीनदा मारलेली.
"ही कोणाची?"

"लहानू आला होता," त्या म्हणाल्या.
"लय वेळ बसला."