ताण

संक्रांतीला आठ दिवस होते.
बागेचं पाणी तोडून एकोणपन्नास दिवस झाले होते
आणि सकाळी सकाळी रेवतीचा फोन आला.
तिकडे रात्र. तिकडे उणे एकतीस.
कॅनडातल्या कुठल्याशा गावात, म्हाताऱ्यांच्या आश्रमात
चार वर्षं ती लोकांच्या आईबापांना न्हाऊ घालते.

"बाबा, कायमचं राहण्याचा अर्ज
मालकिणीच्या पत्राशिवाय सरकत नाही.
ती म्हणते, अजून एक हिवाळा पाहू."

मी म्हटलं, काहून? काय पाहाचं राह्यलं तिचं?
चार वर्षं झाले पोट्टी राबते,
एका बुढीनं हिचाच हात धरून जीव सोडला,
याच्यावर कोणतं सर्टिफिकेट लागते बाप्पा?
बराच वेळ बोललो.
मालकानं कसं वागावं
हे अख्ख्या वरुड तालुक्यात मलाच कळतं
असं बोललो.

चैतराम धुऱ्यावर उभा होता.
ऐकत होता की नाही, ते त्याच्या तोंडावरून
कधी कळलेलं नाही.
त्यानं संत्र्याचं एक पान तोडलं, मुठीत चुरगळलं
आणि मूठ उघडून माझ्यापुढे धरली.

आंबिया बहाराचं असं आहे:
झाडाला तहानेत ठेवायचं.
पानं पिवळी पडतात, कडा आत वळतात,
काही गळतात, तेव्हा ताण तोडायचा.
हलकंसं पाणी.
झाडाला वाटतं आपण वाचलो, आणि ते फुलतं.
घाई केली तर नुसता पाला.
उशीर केला तर सल धरते,
वाळला तो शेंडा मग कितीही पाणी पाजा, हिरवा होत नाही.
दिवस कोणता, हे माझा बाप माती हुंगून सांगायचा.
कृषी सहायक मोबाइलमध्ये बघून सांगतो.
मी चैतरामला विचारतो.

आठनेरकडून आला तेव्हा फुलवंतीच्या कडेवर पोर होती.
मोटारीच्या खोलीला टेकून त्यानं पाचटाचं छप्पर घातलं.
दर पाडव्याला साल ठरतं:
रक्कम, ज्वारी, दोन धोतरं, चपलेचा जोड.
गोठ्यामागची गावठाणातली जागा
सालात धरलेली नसते. तिचं मी
"पुढल्या वर्षी पाहू" म्हणतो.
ती कडेवरची पोर मागच्या जूनमध्ये
होस्टेलसाठी रहिवासी दाखला मागायला गेली.
ग्रामपंचायतीनं म्हटलं, मालकाचं पत्र आण.
तेव्हा मी नागपूरला होतो.
नंतर घरीच होतो.

रात्री सालाच्या वह्या काढल्या.
मी अकरा वर्षं धरून चाललो होतो,
चौदा निघाली.
एका वहीत त्याचं नाव चेतराम, एकीत चैत्या,
एकीत फक्त "सालदार".
कागद घेऊन बसलो.
"सदर इसम माझ्या परिचयाचा असून"
इथपर्यंत लिहिलं आणि थांबलो.
परिचयाचा.
माझ्या बापाला शेवटचं पाणी पाजलं ते यानं,
मी तेव्हा मंडीत भावासाठी भांडत होतो.
ते पत्रात कुठं बसवायचं, सुचेना.
अकरा वाजता रेवतीला फोन लावला, उचलला नाही,
तिची ड्यूटी सुरू झाली असेल.

सकाळी कागद त्याच्यापुढे धरला.
एक दाखल्याचा, एक जागेचा.
म्हटलं, इथं सही कर.
त्यानं डोक्याचं फडकं सोडलं, हात पुसले,
कागदाला हात लावला नाही.

"मालक, सालावरून काढता काय मले?"

मी तोंड उघडलं.
मला वाटतं काहीतरी बोललोही.
पण आज पन्नासावा दिवस होता
आणि तो मोटारीकडे निघाला होता,
रात्री त्याचा त्यानंच ठरवलं होतं की आज.
बटन दाबल्याचा आवाज आला.
पाइपातून आधी नुसती हवा खोकली.
मग पाणी दांडाला लागलं
आणि पहिल्या आळ्याकडे निघालं, फार सावकाश.
इतक्या दिवसांची माती
आधी आपलीच तहान भागवते,
झाडापर्यंत पोचायला वेळ लागतो.
मी कागद घेऊन तिथंच उभा राहिलो.