साबणाची डबी

भुसावळच्या यार्डात शंटरच्या वॉकीटॉकीतून
इंजिनाऐवजी बोलू लागलं कुणीतरी:
"नवती साडेबाराशे, पिलबाग हजार,
वरणगाववाले, तुमचा ट्रक अजून आला नाही."

तक्रार वर गेली. वरून आम्ही आलो.
जीपच्या टपावर काटेरी अँटेना, मांडीवर यंत्र.
फैजपूर मागे पडलं तशी
सुई घोटाळली, वळली,
सावद्यात एका पत्र्याच्या खोलीपाशी
थरथरत थांबली.

आत हिरामण झोपे. सोल्डरचा धूर.
साबणाच्या डबीत ट्रान्समीटर,
बांबूवर तांब्याची तार.

मी तक्ता उलगडला:
ही पट्टी रेल्वेची, ही पोलिसांची,
ही विमानांची, ही लिलावात गेलेली,
ही संरक्षणाची, विचारायची नाही.
चाळिशी पुसून तो वाकला,
गटनकाशावर वाकावं तसा.
"सायेब, समदं वाटून झालं.
मंग गायरान कुठी हाये?"

होतं. चिंचोळं, कोपऱ्यात.
त्याच्या डबीला तिथवर चढता आलं नसतं.
तरी मी बोट ठेवलं.

पंचनामा: डबी एक, तार अकरा हात.

परतताना रिसीव्हर चालूच होता.
यार्ड अगदी स्वच्छ बोलत होतं.
सहा वाजले तसा ड्रायव्हर म्हणाला,
"आज भाव कळायचा नाही."