पाटी

एकाच पानावर दोन चौकटी.
वरची वाऱ्याची: सेकंदाला एकवीस मीटर, वायव्येकडून.
खालची फेरीबोटीची: सहा तीस, वेळेवर.
दोघींमध्ये बोटभर पांढरी जागा
आणि ओळख शून्य.

त्या संध्याकाळी आर्वी
कुत्र्याला ब्लँकेटात गुंडाळून
हिउमाच्या धक्क्यावर उभा राहिला दोन तास.
जनावरांची डॉक्टर पलीकडच्या काठावर.
बोट दोरांना हिसके देत जागच्या जागी डुलत होती.
त्याने फोनवरचं पान पुन्हा पुन्हा ताजं केलं.
वेळेवर, म्हणालं पान.
वेळेवर.

सकाळी बेटाच्या कचेरीतून उर्वेचा फोन.
"मी तर लिहिलं होतं गं, वारा, लाल अक्षरात.
तेच आता किती ठिकाणी लिहू?"
चिडली नव्हती.
चिडली असती तर बरं झालं असतं.

मी तार्तूत, तिसऱ्या मजल्यावर,
निवलेल्या चहासमोर कोड उघडून.
पान मांडते उर्वे, मी नाही.
मी नुसत्या सुट्या चौकटी घडवते;
ती आज हिला वर ठेवते, उद्या तिला खाली.
कोण कुणाच्या शेजारी येणार
ते माझ्या हातात नसतं,
म्हणून तर एकेकीला बजावलं होतं:
आपल्यापुरतं बघायचं.

आधी वाटलं, हातोहात देऊ.
पानाने विभागाला, विभागाने रकान्याला, रकान्याने चौकटीला,
आग लागल्यावर बादल्या देतात तसं.
पण मधल्या रकान्याला वाऱ्याचं काय देणंघेणं?
त्याने का भिजावं?
आणि उर्वेने एक रकाना हलवला
की बादली जमिनीवर.

मग म्हटलं, हाळी देऊ.
वाऱ्याने ओरडायचं: बंद!
ज्याला गरज त्याने ऐकायचं.
एकदा चाललं. दुसऱ्यांदा नाही.
अर्धा दिवस डोकं धरून बसले तेव्हा दिसलं,
वारा ओरडतो त्या क्षणी
बोटीची चौकट दारातच बूट काढत असते.
हाक रिकाम्या खोलीत पडते, विरून जाते.
ही आत येते, इकडेतिकडे बघते,
सगळं शांत.
सहा तीस. वेळेवर.

शेवटी एक पाटी ठेवली,
पानाच्या पोटात, कुणाला न दिसणारी.
लिहायचं एकानेच.
वाचायचं कुणीही.
आणि उशिरा आलेल्याने
आधी पाटीवरचं शेवटचं वाक्य वाचायचं,
मगच तोंड उघडायचं.
अकरा ओळी झाल्या.

पुढच्या वादळात दोघी एका सुरात बोलल्या.
मी स्वतःलाच वेलचीचा बन घेऊन दिला.
अर्धा खाल्ला तोच फोन.
उर्वेला हसू आवरेना.
"त्रीनू, पान म्हणतंय सॉना बंद!
अख्खं बेट कचेरीच्या दारात.
बोट नाही म्हटलं तर कुणी हूं की चूं केलं नाही,
पण सॉना?"

सॉनाच्या चौकटीलाही मीच दाखवली होती पाटी,
त्याच दुपारी, कामाच्या ओघात.
तिला "बंद" एवढंच वाचता येत होतं.
काय बंद, हे विचारायला
मी शिकवलंच नव्हतं.

पाटीवर एक शब्द वाढवला: बोट.

"आणि आर्वीचा कुत्रा?"
पलीकडे जरा थांबणं.
"आहे. तीन पायांवर चालतो.
काल दोघं धक्क्यावर दिसले.
आर्वी आता पान उघडत नाही,
कप्तानाच्या खिडकीकडे बघतो,
दिवा लागलाय का."

फोन ठेवून मी यादी काढली
पाटी वाचणाऱ्यांची.
नऊ चौकटी.
नऊही जागच्या जागी.
पुन्हा मोजल्या,
आणि उरलेला बन तसाच राहिला.