खरं

कॅम्पातली कौलारू खोली, घोड्यांच्या जुन्या तबेल्याला लागून.
आवाज घुमू नये म्हणून भिंतींना पोती ठोकलेली,
पोत्यांवर अजून छापील: शुद्ध बासमती, यळ्ळूर.
तिथं हवालदार लुमाण्णा माईकपुढं
आणि मी सतरा वर्षांचा, टेपची चाकं फिरवणारा.

डिसेंबर. लढाई पार पूर्वेला.
टेप मिरजेच्या गाडीनं निघायची,
पुढं ट्रकनं, मग म्हणे होडीतून,
आणि कुठल्याशा केळीच्या बनात कर्ण्यातून बोलायची.
पोचायला सहा दिवस. एकदाच कधी पाच.
तरी लुमाण्णा हवामान सांगायचा, आजचं म्हणून:
"लई थंडी गा पोरांनो, किल्ल्याच्या तळ्यावर धुकं उभं हाय."
आणि नंतर, गंभीर आवाजात:
"खडेबाजारातल्या आवाक्काची तांबडी कोंबडी हरवली आहे.
सीमेवर कुणाला दिसल्यास कळवावं."

अकरा पत्रं आली.
कोंबडी पाहिली. चौकशी चालू आहे.

मेजर पोंक्षे पुण्याचे. हातात तांबडी पेन्सिल.
कागदावर कुठं 'पण' दिसला की आडवी रेघ:
"सैनिकाला पण नको, हवालदार. पण आला की शंका आली."
लुमाण्णानं सॅल्यूट ठोकला
आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्याच बोलीत घुसला.
"रेशन वेळेवर येतंय, खरं..."
"साहेब लई मायाळू, खरं..."
मेजर मान डोलवायचे. खरं बोलतो माणूस.
तिकडं बनात कडोलीची, उचगावची, खानापूरची पोरं
पोट धरून हसायची म्हणे.
आमच्याकडं 'पण'ला खरंच म्हणतात,
हे मेजरना कुणी सांगितलं नाही.
मी तर नाहीच.

नऊ तारखेला शिपाई भरमा किणयेकरचा सासरा आला,
सायकलवर, मागं लेक, लेकीच्या पदरात अकरा दिवसांची पोर.
"लिवाय येत न्हाई मला. हिचा आवाज धाडा."
पोर झोपलेली. टेप फिरतेय. पोर काही रडेना.
मग लुमाण्णानंच तिचं रडू काढलं,
तोंड वाकडं करून, मिशी थरथरवत,
इतकं हुबेहूब, की ती दचकून उठली
आणि त्याच्या वरताण रडली.
चाळीस सेकंद. आधी तो, मग ती.
म्हातारा म्हणाला, "पोरीचं वजन बी सांगा,
गुळाच्या काट्यावर साडेपाच रत्तल भरली."

वीस तारखेला तार आली.
भरमा चौदाला गेला होता.
मी बोटं मोजली. नऊ आणि सहा पंधरा.
नऊ आणि पाच चौदा.
लुमाण्णानं माझा हात धरून खाली केला.

लढाई संपली होती, टेप मात्र रोज जायची.
त्या दिवशी मेजरनी स्वतः लिहून दिलं,
वळणदार अक्षर, एकही रेघ नाही.
लुमाण्णा वाचत गेला. शेवटची ओळ:
"घरी सगळं ठीक आहे."
थांबला.
"खरं."
पुढं काही नाही.
चाकं फिरत राहिली, मी बटण दाबलं नाही.
तबेल्याच्या पत्र्यावर कावळा चालत होता,
तोही टेपमध्ये गेला.
मेजर दारातून म्हणाले, "वा. आज मनापासून बोललात."

उन्हाळ्यात पोरं परत आली.
स्टेशनावर एक जण उतरला, खांद्यावर वळकटी,
काखेत पाय बांधलेली तांबडी कोंबडी,
घटप्रभेच्या फलाटावर सव्वाचार रुपयाला घेतलेली.
"आवाक्का कुठं ऱ्हाती?"
लुमाण्णा इतका हसला की खाली बसला.
मग बसल्या बसल्याच, वर न बघता विचारलं:
"भरमाच्या पोरीची टेप...
पोचली हुती काय गा?"

कोंबडी पंख झाडत होती.
त्यानं तिला दुसऱ्या काखेत घेतलं.
"पोचली की," तो म्हणाला.
"ऐकली त्यानं. खरं."

आणि खडेबाजाराकडं चालू लागला.