पुरावा जोडा

लेटरकेनीच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर
माझं काम एवढंच :
कुणाला काय येतं ते बघायचं
आणि येत असेल तर बटण दाबायचं.
मग त्याच्या नावाला एक डिजिटल बिल्ला चिकटतो,
षटकोनी, निळा, कडेला सोनेरी,
नखात मावेल एवढा.

आज दुपारपर्यंत एकवीस झाले.
मेंढ्यांच्या खुरांची निगा, पायरी दोन.
शीतगृहातली सुरक्षितता.
एका पोराला ‘सहकार्यवृत्ती’ दिली.
गटातल्या कुणाचंच नाव त्याने लिहिलं नव्हतं,
पण रकाने सगळे भरले होते.

बाविसावा अर्ज ग्रॉन्या निक फॉजीनचा.
वय अठ्ठावन्न. ग्वीडोरचा वृद्धाश्रम,
रात्रपाळी, तेवीस वर्षं.
अभ्यासक्रम : ‘अखेरच्या काळातली सोबत’,
सहा आठवडे, ऑनलाइन, दोन श्रेयांक.
हेतूच्या रकान्यात भलतं काही नाही :
‘नवे मालक म्हणतात, बिल्ला असेल
तर ताशी पंचेचाळीस सेंट जास्त.’

पुरावा जोडा, म्हणते यंत्रणा.
तीन मिनिटांची चित्रफीत. चेहरे स्पष्ट दिसावेत.
आता मरणाऱ्याची परवानगी कुणी घ्यायची?
आणि त्याने दिली तरी
त्या खोलीत फोन उगारून कोण उभं राहणार?

तिने पाठवलीय ती रिकाम्या खाटेची.
फोन बहुधा औषधांच्या ट्रॉलीला टेकवलेला,
सगळं जरा कलतं आहे.
ती खुर्ची ओढते. बसते.
उशीपाशी कान येईल इतकी वाकते
आणि काहीच बोलत नाही.
मी आवाज वाढवला.
बाहेर वारा. कुठेतरी किटली.
दुसऱ्या मिनिटाला तिचा हात चादरीवर येतो,
तळवा वर.
कुणाचा हात धरत नाही ती, आपला नुसता ठेवते,
ज्याला हवा त्याने धरावा.
तिसरं मिनिट संपता संपता
कॅमेऱ्याकडे वळून आयरिशमध्ये म्हणते :
‘साधारण इथे ते जातात.
मग मी खिडकी उघडते.
ही आधीच उघडून ठेवलीय,
बिजागरी फार करकरते,
म्हटलं तुम्हाला ऐकायला त्रास नको.’

रकाना चार : उमेदवार संवादाला सुरुवात करतो का?
रकाना पाच : शब्दांची निवड.
मी उठलो, चहा केला, प्यायला विसरलो.
माझाच मूल्यमापकाचा बिल्ला मार्चमध्ये संपतोय,
त्याची आठवण करून देणारी पाटी
पडद्याच्या कोपऱ्यात लुकलुकत होती.
चारमध्ये ‘होय’ केलं.
पाचमध्ये लिहिलं : एकही नाही. अचूक.

बटण दाबलं.
लाल अक्षरं आली : नावात अमान्य चिन्ह.
तिच्या नावावरच्या त्या तिरक्या रेघा,
काना-मात्रेएवढ्या,
यंत्राला वाटलं, चुकून पडलेत ओरखडे.
मदतकक्षातला मुलगा म्हणाला, काढून टाका ना,
वाचणाऱ्याला कळतं.
वाचणारं कोण असतं, हे मी विचारलं नाही.

आठला तिची पाळी सुरू झाल्यावर फोन केला.
‘काढ रे बाबा,’ ती म्हणाली,
‘पगाराच्या चिठ्ठीवर तरी कुठे असतात!
मुदत किती आहे याची?’
दोन वर्षं, मी म्हणालो.
‘आणि मग?’
मग पुन्हा पुरावा.
ती हसली, खोकला येईपर्यंत.
‘मग तेव्हा दुसरी खाट शोधावी लागेल,
ही काही रिकामी राहत नाही फार.’

तेवढ्यात तिकडे घंटा वाजली.
‘नऊ नंबर,’ ती म्हणाली,
आणि फोन बंद न करता
तसाच टेबलावर ठेवून गेली.

मी ठेवून द्यायला हवा होता.
वारा ऐकू येत होता. किटली.
कुणाच्या तरी चपला, मग त्याही नाहीत.
इकडे पडद्यावर कर्सर
तिच्या नावातल्या पहिल्या रेघेपाशी थांबलेला.

बऱ्याच वेळाने
बिजागरी.