स्वल्प

उद्यमबागेत, रविवारी, मालक नसताना
मीच कोरली तिची पोर्टं.
एक्झॉस्ट दीड मिलिमीटर वर,
हेड घासून खाली,
चोवीसचा कार्बोरेटर निपाणीच्या भंगारातून,
आणि सायलेन्सर स्वतः वेल्ड केलेला,
बेडूक गिळलेल्या सापासारखा, मध्येच पोट फुगलेला.

एवढं सगळं झाल्यावर
ती आधीपेक्षा कमी पळाली.

अनगोळच्या रस्त्यावर शेळीसारखी खोकली.
तिसऱ्या रेल्वे गेटात, फाटक उघडल्या उघडल्या
मेलीच.
मागच्या टेम्पोवाल्यानं दोन भाषांत शिव्या घातल्या,
मला दोन्ही कळल्या.

शहापुरात, दस्तगीरमामा किल्लेदारानं
पाना उचलला नाही.
चहाची बशी खाली ठेवली, म्हणाला, "केळु."
म्हणजे ऐक.
(सोबत आलेल्या साताऱ्याच्या मेव्हण्याला वाटलं
म्हाताऱ्याला फळ पाहिजे. तो उठलाही होता.)
मग ती थरथरत उभी, आणि आम्ही तिघं
देवळात बसल्यासारखे गप्प.

"ताकद घातलास रे.
खरं भूक किती वाढली, इचारलास काय तिला?"

दुसऱ्या दिवशी उजाडता जांबोटी रोड.
मी पुढे, मामा मागे, त्याच्या मांडीवर डबा,
डब्यात जेट : पितळेचे, तांदळाहून थोडे मोठे,
प्रत्येकाच्या डोक्यावर आकडा, पोटात भोक.

तिसरा गिअर, पूर्ण मूठ, कान बंद होईस्तोवर,
आणि एकदम : स्विच बंद, क्लच आत.

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.
इंजिन नसलेल्या गाडीचा.
चेनची किरकिर, टायरखालची खडी,
कुठल्या तरी शेतात पाण्याची मोटर,
आणि मागून मामाचा श्वास, विडीचा.

थांबलो. फडक्यात धरून प्लग काढला.

एकशेतीस : काळा, ओला, तव्याचं बूड.
"उपाशी नाही, अजीर्ण झालंय तिला."
एकशेपंधरा : पांढराफेक.
मला तो आवडला, स्वच्छ वाटला.
मामानं तोच माझ्या डोळ्यांसमोर धरला बराच वेळ.
"ह्यो रंग ध्यानात ठेव. पिस्टनला भोक पडायच्या आधी
ह्योच दिसतोय. आणि गाडी लई झकास पळती तवा."

एकशेवीस.
सुई एक खाच वर.
हवेचा स्क्रू दीड आटा बाहेर, मग
"स्वल्प."
फिरवला. "जास्त झालं. स्वल्प म्हटलो."
किती म्हणजे स्वल्प, मामा?
पाव आटा? पावाचा अर्धा?
तो मान हलवतो, मोजमाप देत नाही.

आमच्या मराठी शाळेत हा शब्द
फक्त विरामाला चिकटून यायचा,
फळ्यावरच्या वाक्यात, एक शेपटीवाला ठिपका.
मामाच्या घरी मीठ तेवढंच घालतात,
पाहुण्याला भात तेवढाच वाढतात आणि तीनदा वाढतात,
आणि स्क्रू तेवढाच फिरवतात :
मनगट न हलता,
हलवायचं नुसतं मनात आणून.

पाचव्यांदा प्लग काढला.
ऊन वर आलं होतं. मामानं तो उन्हात धरला,
काही बोलला नाही, माझ्या हातात दिला.
कुंद्याचा रंग.
कढईतून नुकता उतरलेला, कडेला जरा गडद,
चटका बसला तरी सोडवेना.

येताना ती ओरडली नाही.
म्हणजे आवाज होताच, कुत्री मागे लागली,
खरं आता त्या आवाजाला शिवण नव्हती कुठे
उसवायला.

पैसे घेताना मामानं तपकिरीची रिकामी डबी दिली.
आत एकशेपंचवीसचा जेट.
"चोर्ला उतरलास गोव्याकडं, तर ह्यो घाल.
खाली हवा दाट.
हितलं बरोबर थितं बरोबर नसतंय."

अजून उतरलो नाही.
डबी खिशात असते. कधीमधी उघडतो,
जेट उजेडाकडे धरून भोकातून बघतो,
समुद्र दिसत नाही,
शिंका येतात.